नकली माल आणि आपले मौन



2020 सालच्या खरिपात मराठवाड्यातील कित्येक शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरले आणि ते उगवलेच नाही. जूनमध्ये पाऊस झाला होता, तिफण चालली होती, खत पडले होते. पण आठ-दहा दिवसांनी रानात गेल्यावर तासांमध्ये कोंब दिसेनात. माती उकरून पाहावी तर दाणा कुजलेला. तक्रारी एवढ्या वाढल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनला एकरी सुमारे 30 किलो बियाणे लागते. त्याची किंमत, खताची किंमत, मजुरी, आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा तेवढाच खर्च, तोही बहुधा उसनवारीने. पेरणीचे जे दिवस निघून गेले ते तर कोणत्याही रकमेने परत मिळत नाहीत.

त्या वर्षी जे घडले ते सारेच फसवणुकीतून घडले नव्हते. त्याविषयी पुढे लिहितो. परंतु बोगस बियाणे, नामांकित कंपनीसारखीच पिशवी छापून तीत भरलेला बाजारातला दाणा, बनावट खते आणि औषधे यांच्या बातम्या हंगामामागून हंगाम वाचायला मिळतात. चारठाणा, जिंतूर या आमच्या पट्ट्यात सोयाबीन आणि कापूस हीच घराची मिळकत आहे. त्यामुळे हा प्रश्न येथे वर्तमानपत्रात राहत नाही, मशिदीच्या पायरीपर्यंत येतो. आणि येतो तो एका विशिष्ट रूपात. माल नकली निघाला, हे हराम आहे का, असे कोणी विचारत नाही. ते लहान मुलालाही ठाऊक आहे. विचारले जाते ते असे: दुकानदार आपल्या ओळखीचा, कधी नात्यातला, उधारीवर माल देणारा, नमाजच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. त्याच्याविरुद्ध बोललो तर गीबत होणार नाही का? गप्प बसून अल्लाहवर सोपवणे म्हणजेच सबर नव्हे का?

या प्रश्नामागची सद्भावना मला मान्य आहे. परंतु त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम ती सुप्रसिद्ध हदीस पाहू, जी सहीह मुस्लिममध्ये आली आहे. प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम मदिनेच्या बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीजवळ थांबले. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. वरचा दाणा कोरडा, आतला भिजलेला. विचारणा केल्यावर व्यापाऱ्याने सांगितले की पाऊस लागला. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, आणि जो फसवतो त्याचा माझ्याशी संबंध नाही, असा कठोर निर्णय दिला.

ही हदीस आपण इतक्यांदा ऐकतो की तिच्यातील एक बाब निसटून जाते. पाऊस व्यापाऱ्याने पाडला नव्हता. धान्य भिजले यात त्याचा काडीचाही दोष नव्हता, आणि प्रेषितांनी (स.) तो दोष त्याच्या माथी मारलाही नाही. त्याचा अपराध सुरू झाला तो भिजलेला दाणा खाली सारून कोरडा वर पसरण्याच्या क्षणी. आज दुकानदार जो बचाव करतो त्याचे उत्तर येथेच आहे. तो म्हणतो, माल मी बनवला नाही. कंपनीने पाठवला, ठोक विक्रेत्याने दिला, मी केवळ विकतो. ठीक आहे, बियाणे निकृष्ट झाले यात तुमचा हात नसेल. परंतु ज्या मालाचे बिल तुम्हाला मिळाले नाही, जो नेहमीच्या भावापेक्षा फार स्वस्त आला, ज्याच्या पिशवीवरची शिलाई आणि खूणचिठ्ठी पाहताच जाणकाराच्या मनात पाल चुकचुकते, त्या मालाची ओल तुमच्या बोटांना लागलेली आहे. ती लागल्यानंतर ‘एक नंबर माल आहे, माझी गॅरंटी’ असे म्हणणे म्हणजे कोरडा दाणा वर पसरणे. त्यावर अल्लाहची शपथ घेतली असेल तर गुन्हा आणखी वाढला. खोट्या शपथेने माल खपतो, बरकत मात्र पुसली जाते, असा हदीसमध्ये स्पष्ट इशारा आहे.

ज्याला खरोखर ठाऊक नव्हते, तोही मोकळा सुटत नाही. त्याच्यावर फसवणुकीचे पाप नाही, पण किमतीची जबाबदारी आहे. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. त्यांनी आपल्या भागीदाराकडे विक्रीसाठी माल पाठवला आणि बजावले की अमुक कापडात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला दाखवूनच विकावे. भागीदार विसरला. कापड विकले गेले, घेणारा कोण हेही आठवेना. इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम दान करून टाकली, असे सांगितले जाते. विसर पडणे क्षम्य आहे. त्या विसरातून आलेला पैसा गल्ल्यात ठेवणे त्यांना मानवले नाही. ज्या इमामांच्या फिक्हवर आपण हिंदुस्तानातील बहुसंख्य मुसलमान चालतो, त्यांचा हा गल्ला आहे. आपले गल्ले त्याच्या शेजारी ठेवून पाहावेत.

आता ग्राहकाकडे वळू. शरियतने घेणाऱ्याला एक हक्क दिला आहे, त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. खरेदीनंतर मालात असा दोष आढळला जो आधीपासून होता, घेणाऱ्याला दाखवला गेला नव्हता आणि ज्याने किंमत घटते, तर घेणाऱ्याने माल परत करून आपली रक्कम मागावी. हा हक्क करारात लिहावा लागत नाही. तो प्रत्येक व्यवहारात अंतर्भूत असतो. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी भिंतीवर टांगली म्हणून नकली माल खरा ठरत नाही. परत मागायला जाणाऱ्या शेतकऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. तो भीक मागत नाही, आपला हक्क मागतो आहे.

देशाचा कायदाही याच बाजूने उभा आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात निर्वाळा दिला की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो. पण दाद मागायला पुरावा लागतो, आणि आपण नेमके येथेच चुकतो. उधारीवर माल घेतला म्हणून पक्के बिल मागायला संकोच वाटतो. पिशवी चुलीपुढे जाते किंवा छपरावर, खूणचिठ्ठी मुलांच्या खेळण्यात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा हा आदेश सूरह बकरामध्ये आला आहे, आणि ज्या आयतीत तो आला ती संपूर्ण कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. नमाज-रोजाचा नाही, देण्याघेण्याच्या लेखणीचा विषय अल्लाहने एवढ्या विस्ताराने सांगितला! तेव्हा बिल मागणे हा अविश्वास नव्हे. बिलावर लॉट क्रमांक असावा. पिशवी, खूणचिठ्ठी आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत सांभाळावे. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते आणि केवळ उत्पादकाने स्वतः हमी दिलेल्या सत्यप्रत बियाण्याची हिरवी, एवढे तरी प्रत्येक शेतकरी घराला माहीत असावे.

परत मागूनही दुकानदाराने दाद दिली नाही तर? येथे गीबतीचा प्रश्न उभा राहतो. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये असे सहा प्रसंग सांगितले आहेत ज्यांत एखाद्याच्या पाठीमागे त्याचा दोष सांगणे गीबतीच्या पापात मोडत नाही. त्यांतला पहिलाच आहे अन्याय झालेल्याने अधिकाऱ्यापुढे वा न्यायाधीशापुढे तक्रार करणे. लोकांना अपायापासून सावध करणे हाही त्यांत आहे. हजरत हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी आपले पती अबू सुफयान खर्चाला पुरेसे देत नाहीत, अशी तक्रार प्रेषितांपुढे (स.) केली, त्यांना गप्प बसवले गेले नाही, त्यांच्या गरजेपुरते घेण्याची परवानगी मिळाली. हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांनी आलेल्या दोन स्थळांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) दोघांतील उणीव उघडपणे सांगितली. घर आणि लग्न यांच्याबाबतीत जे वैध, ते बाजाराबाबतीत अवैध कसे ठरेल?

एवढेच नाही. हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांचा एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहे. एक मनुष्य उंटीण विकत घेऊन निघाला होता. हजरत वासिला त्याच्या मागे धावत गेले आणि विचारले, हिला कशासाठी घेतलीस, मांसासाठी की प्रवासासाठी? तो म्हणाला, हजच्या प्रवासासाठी. त्यावर त्यांनी सांगितले की हिच्या खुराला भोक पडले आहे, ही लांब चालू शकणार नाही. विकणारा चिडला, माझा सौदा मोडलात म्हणाला. हजरत वासिलांनी उत्तरादाखल प्रेषितांचे (स.) शिक्षण सांगितले: दोष न दाखवता विकणे विकणाऱ्यास जायज नाही, आणि ज्याला तो दोष ठाऊक आहे त्यानेही न सांगता राहणे जायज नाही.

या शेवटच्या भागावर क्षणभर थांबा. हा आदेश विकणाऱ्याला नाही, घेणाऱ्यालाही नाही. तो बाजूला उभ्या असलेल्या माणसाला आहे, म्हणजे तुम्हाला आणि मला. दुकानात काम करणाऱ्या पोराला, पिशव्या उतरवणाऱ्या हमालाला, ज्याचे बियाणे मागच्या वर्षी फसले त्या शेजाऱ्याला. सबर हा स्वतःवर आलेल्या संकटात असतो. शेजारी त्याच दुकानातून तीच पिशवी घेताना पाहून गप्प राहणे याला सबर म्हणता येत नाही.

अर्थात साक्ष देणे म्हणजे आग लावणे नव्हे. 2020 च्या सोयाबीनची गोष्ट म्हणूनच पूर्ण सांगितली पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी, 2019 च्या परतीच्या पावसात काढणीला आलेले सोयाबीन भिजले होते, आणि भिजलेल्या पिकातून तयार झालेल्या बियाण्याची उगवणशक्ती घटली होती. काही ठिकाणी पुरेशी ओल नसताना पेरणी झाली, काही ठिकाणी दाणा फार खोल पडला. अशा वेळी प्रत्येक दुकानदाराला चोर ठरवणे हा दुसरा जुलूम होईल. बातमी आली की पडताळून घ्या, अशी सूरह हुजुरातची ताकीद आहे. आणि कुणाविषयीचा राग तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, अशी सूरह माइदाची. म्हणून आधी दुकानदाराला एकांतात भेटावे. त्याने ऐकले नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, तक्रार निवारण समितीला शेत पाहू द्यावे, पंचनामा होऊ द्यावा. मोबाइलवर नावासकट संदेश फिरवणे हा यातला कोणताही टप्पा नाही. तो संदेश खोटा ठरला तर फिरवणाऱ्या प्रत्येकाला त्याचा हिशेब द्यावा लागेल.

‘आपला माणूस’ या शब्दांनी गावात अनेक पंचनामे होता होता राहिले आहेत. समाजाची बदनामी होईल, असे म्हटले जाते. तफसीरकारांनी सूरह निसाच्या 105 व्या आयतीपासून पुढच्या आयतींची पार्श्वभूमी सांगितली आहे, ती अशा वेळी आठवावी. मदिनेत बनू उबैरिक या घराण्यातील एकाने चोरी केली. माल सापडण्याची वेळ आली तेव्हा आळ एका निरपराध माणसावर ढकलण्यात आला; काही कथनांनुसार तो माणूस यहुदी होता. घराण्यातील मंडळी एक झाली आणि आपल्या माणसाची बाजू घेऊन प्रेषितांपुढे (स.) आली. आपलाच माणूस, मुसलमान म्हणवणारा, आणि दुसरा परका. वहय उतरली ती त्या परक्याला निर्दोष ठरवणारी, आणि विश्वासघातक्यांची वकिली करू नका असे बजावणारी. त्याच सूरहमध्ये याच्या पुढे, 135 व्या आयतीत, आदेश येतो की न्यायासाठी साक्षीला उभे राहा, ती साक्ष तुमच्या स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असली तरी. आमच्या भागात दुकानात येणारा ग्राहक मराठा असतो, बौद्ध असतो, तांड्यावरचा बंजारा असतो, मुसलमान असतो. चारही जणांच्या रानात नकली दाणा सारखाच कुजतो. त्यांच्यापैकी कुणाची फसवणूक कमी हराम आहे, असा फतवा कोणत्याही ग्रंथात नाही. समाजाची बदनामी फसवणारा करतो. साक्षीदार ती थोडीफार धुऊन काढतो.

आता एका अवघड प्रकाराकडे. ज्या वस्तूवर मुळातच बंदी आहे, तीच नकली निघाली तर? कापसात हे प्रत्यक्ष घडते. तणनाशक सहन करणाऱ्या ‘एचटीबीटी’ वाणाला केंद्र सरकारची मान्यता नाही; तरी त्याची पाकिटे चोरट्या मार्गाने खपतात. काही शेतकऱ्यांना हे तंत्रज्ञान हवे आहे. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने त्याची उघड लागवड करून सत्याग्रह केला होता. तो वाद धोरणाचा आहे आणि त्यावर येथे बोलण्याचे प्रयोजन नाही. पण चोरट्या पाकिटावर बिल नसते, लॉट नसतो, उत्पादकाचा खरा पत्ता नसतो. आत दुसरेच बियाणे निघाले तर शेतकरी कुणाकडे जाणार? विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. फसलेला माणूस तक्रार करू धजणार नाही, यावरच त्याचा धंदा उभा असतो.

शहरांतून आता गावाकडे येऊ लागलेल्या ई-सिगारेटचेही असेच आहे. तरुण तिला ‘वेप’ म्हणतात. सप्टेंबर 2019 मध्ये अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात देशभर बंद झाली. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. तरीही ती मिळते, आणि परदेशी कंपनीचे नाव लावलेली नक्कल ‘ओरिजिनल’ म्हणून जास्त दराने मिळते. आतील द्रवात काय आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही. अमेरिकेत 2019 मध्ये वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना इजा होण्याची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 68 मृत्यूंची नोंद झाली. तपासात दोष मुख्यत्वे चोरट्या बाजारातील गांजायुक्त द्रवात मिसळलेल्या एका तेलकट पदार्थाकडे गेला. छापील खोके सुबक होते, माल कुणाचा होता हे कुणालाच माहीत नव्हते.

अशा व्यवहारात शरियतचे म्हणणे सरळ आहे. ज्या वस्तूने शरीराची हानी होते आणि जिची विक्री देशाच्या कायद्याने गुन्हा आहे, तिचा धंदा मुसलमानाने करू नये, मग वस्तू अस्सल असो वा नक्कल. नक्कल विकणाऱ्यावर दोन पापे आहेत. घेणारा स्वतः चुकला असेल, पण त्याच्या चुकीमुळे विकणाऱ्याच्या खिशातला पैसा हलाल होत नाही. ‘त्यालाही माहीत होते, तोही चोरूनच घेत होता’ हा बचाव अल्लाहच्या दरबारात चालणार नाही. आणि फसलेल्या तरुणाला मी असे म्हणेन की दुसरी, अस्सल कांडी शोधण्यापूर्वी या फसवणुकीला अल्लाहने दाखवलेला रस्ता समजा. आई-वडिलांनीही पोराला आधी झोडपू नये. कुणी विकले हे त्याच्याकडून शांतपणे कळले, तर पुढचे दहा जण वाचतील.

शेवटी दुकानदार बंधूंना. तुमच्यापैकी बहुतेक सचोटीने बसतात, हे मी जाणतो. बोगस मालाने पहिला तोटा त्यांचाच होतो. पण ज्याच्या हातून असा माल गेला आहे, त्याने मशिदीच्या दानपेटीकडे धाव घेऊ नये. अल्लाह पवित्र आहे आणि पवित्र तेच स्वीकारतो. फसवणुकीच्या पैशाने बसवलेल्या फरशीवर दुसऱ्याचा हक्क पसरलेला असतो. मशिदीच्या कमिट्यांनीही असे दान घेण्यापूर्वी विचार करावा. हदीसमध्ये कयामतच्या दिवशीचा दिवाळखोर वर्णिला आहे: नमाज, रोजे, जकात सारे घेऊन आलेला, पण ज्यांचा माल खाल्ला, ज्यांना दुखावले, त्यांना वाटता वाटता नेक्या संपलेला. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, केवळ तौबाने माफ होत नाहीत. तौबासाठी ते परत करावे लागतात.

ते कसे करावे, हे फुकहांनी स्पष्ट करून ठेवले आहे. उधारीची वही काढावी. त्या हंगामात तो माल ज्यांना दिला त्यांची नावे वेगळी लिहावीत. ज्यांची उधारी बाकी आहे, त्यांच्या खात्यातून त्या मालाची रक्कम वजा करावी. ज्यांनी रोख दिले, त्यांना रोख परत करावे. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागून घ्यावेत, पण माल नकली होता हे सांगावे. ग्राहक हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्यावे. ज्याचा काहीच पत्ता लागत नाही, त्याची रक्कम पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना द्यावी. आणि तो पुढे कधी भेटलाच तर हे त्याला सांगावे. त्याने दान मान्य केले तर ठीक, आपली रक्कमच मागितली तर ती पुन्हा आपल्या पदरची द्यावी.